लोकसंख्या तीन अधिक एक

नवी राजधानी कोणी वसवली, असं मला कोणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, माझ्या मोठ्या बाबांनी. या बाबतीत मोठमोठे लोक आपापली नावं पुढे करतात, कोनशिलांवर ती कोरलेलीही आहेत, आणि मला कोणाशी भांडायचं नाही. पण त्या शहरातला एक रस्ता, एक चौक, एक तलाव असा दाखवा, जो जमिनीवर उतरण्याआधी मोठ्या बाबांच्या पेनाखालून गेला नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रायपूरच्या एका सरकारी कचेरीत ते ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, कारण ते काम संगणकानं कधीच गिळून टाकलं. साहेब लोक जाड कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढायचे, आणि ट्रेसरनं त्यावर दुधी रंगाचा पारदर्शक कागद अंथरून तोच नकाशा काळ्या शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. नोकरीची सगळी वर्षं मोठ्या बाबांनी दुसऱ्यांच्या रेघांवरून पेन फिरवलं. स्वतःच्या मनानं त्यांनी आयुष्यात एकच नकाशा काढला, पण तो दर आठवड्याला काढला. तो आमच्या घरच्या जेवणाचा.

याची तयारी रविवारी दुपारी व्हायची. जेवण झालं की मोठे बाबा पंख्याखालच्या खाटेवर उताणे पडायचे, डोळे मिटायचे, आणि उजव्या हाताचं एक बोट पोटावर हळूहळू फिरू लागायचं. ते झोपलेले नसायचे. विचारलं तर डोळे न उघडता सांगायचे, "आठवडा पाहून राहिलो." घर रायपुरातल्या भनपुरीत, समोरच्या रस्त्यावरून ट्रक जात असायचे, खिडकीची तावदानं थरथरायची, पण मोठे बाबा तेव्हा कुठं दूर असायचे. सोमवारच्या वरणातून निघून, मंगळवारच्या वांग्याला वळसा घालून, गुरुवारच्या पिठल्यापाशी जरा टेकून ते शनिवारपर्यंत चालत जायचे. चेहऱ्यावर तेव्हा एक असं शांत, लांबचं हसू पसरायचं की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस एखाद्या बागेतून चालला आहे आणि बागेला कारंजी आहेत. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या डब्यात तुरीची डाळ तळाला गेलेली असायची. त्यांची मुलगी पिंकी तेव्हा शाळेत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. ती दारातून डोकावून विचारायची, "पापा सो गए क्या?" मोठी आई, म्हणजे माझी काकू, तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "झोपले नाई. मंगळवारपर्यंत आले असतीन. गडबड नको करू, रस्ता चुकतीन."

अर्ध्या तासानं ते उठायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि कचेरीतून आणलेल्या वाया गेलेल्या ट्रेसिंग कागदाच्या मागच्या बाजूवर आठवडा उतरवून मग त्यावर शाई फिरवायचे. सात दिवसांचे सात सेक्टर. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, तो नेहमी स्वयंपाकघराकडे. खाली प्रमाण: एक चौकोन बरोबर एक मूठ तांदूळ. तुरीच्या डाळीचा मुख्य रस्ता सोमवारी रुंद निघायचा, बुधवारी अरुंद व्हायचा आणि शुक्रवारी त्याची पाऊलवाट व्हायची. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजून सकाळी बासी म्हणून खाल्ला जायचा, त्याला ते तुटक रेघेनं 'जोडरस्ता' दाखवायचे. फुलगोबी तीन सेक्टर ओलांडायची: पहिल्या दिवशी फूल, दुसऱ्या दिवशी दांडा झुणक्यात, तिसऱ्या दिवशी पानं डाळीत. मी त्या घरात गेल्यावर गोबीचं पान फेकणारी माणसं मला उधळी वाटू लागली ती आजपर्यंत. गुरुवारचं पिठलं म्हणजे बसस्टॉप, कारण त्या दिवशी काहीच आलेलं नसतं आणि आपण वाट पाहत असतो. आणि बुधवारी कढी. कढी हा तलाव. "तलावाशिवाय शहर नसते," ते म्हणायचे. "रायपूर पाह्य, किती तलाव. माणसं वाढली तर तलावात पाणी वाढवता येते, रस्त्यात नाई वाढवता येत." कोणी पाहुणा आला की कढीत दोन तांबे पाणी पडायचं आणि मोठे बाबा शाईनं तलावाचा काठ थोडा बाहेर सरकवायचे.

हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता. पगार ट्रेसरचा, घर भाड्याचं, आणि मोठ्या आईचे गुडघे डॉक्टरच्या ताब्यात. किराणा महिन्याचा भरण्याइतका हात कधी मोकळा नसायचा, म्हणून तो आठवड्याचा यायचा, आणि जे येईल ते शनिवारच्या रात्रीपर्यंत पुरलंच पाहिजे हा घरचा कायदा होता. दुसऱ्या कोणी या कायद्याचं रडगाणं केलं असतं. मोठ्या बाबांनी त्याचं शहर केलं. आमच्या घरी तेल संपत नसे, तेलाचा पुरवठा 'पुढच्या टप्प्यात' जात असे. पिंकीनं शुक्रवारच्या भाजीचे दोन टमाटर मीठ लावून मधल्या वेळी खाऊन टाकले तेव्हा ते तिला एका शब्दानंही रागावले नाहीत. नकाशावर त्या जागी फक्त बारीक अक्षरात लिहिलं, 'अतिक्रमण', आणि शेजारून चिंचेचा वळणरस्ता काढला. पिंकी ते वाचून म्हणाली, "पापा, मैं खुद हटा दूँ क्या अतिक्रमण? पेट में है."

मोठी आई या सगळ्याची चेष्टा करायची, पण स्वयंपाक नकाशाप्रमाणेच करायची. इतका नकाशाप्रमाणे की एकदा तिनं सबंध दिवस स्वयंपाकात मीठ घातलं नाही. मोठ्या बाबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "नकाशात मीठ कुठी आहे? मी शोधलं. मले वाटलं, पुढच्या टप्प्यात असन." मोठे बाबा अळणी वरणभात शेवटच्या शितापर्यंत जेवले. पुढच्या रविवारपासून सूचीत एक नवीन खूण आली, एक बारीक ठिपका, आणि त्यापुढे 'मीठ (सर्वत्र)'.

सूची हा त्यांचा जीव की प्राण. नकाशाच्या उजव्या हाताला, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात ती असायची. कोणत्या खुणेचा अर्थ काय, ते तिथं. कोणी नकाशापुढे उभं राहून थेट 'आज काय आहे' बघू लागलं की खाटेवरून आवाज यायचा, "आधी सूची वाचावं." पाहुण्यांना, पिंकीच्या मैत्रिणींना, वर्गणी मागायला आलेल्या विहाराच्या मंडळींनाही त्यांनी हे सांगितलेलं मी ऐकलं आहे. भाजीबाजारातल्या बायका तर त्यांना नक्शावाला बाबूच म्हणत. ते घडी केलेला कागद उघडून चेच नावाच्या पालेभाजीच्या ढिगाशी उभे राहायचे आणि एखादी म्हणायची, "ए हफ्ता चेच नइ आय हे बाबू, तोर नक्शा ला बदल." मोठे बाबा हव म्हणायचे, तिथंच वाकून गुडघ्यावर कागद ठेवायचे आणि चेचच्या जागी लाल भाजी वसवायचे. बाई तोपर्यंत बाकीची गिऱ्हाइकं थांबवून ठेवायची. शहर बदलत असताना गडबड करायची नसते, हे तिलाही कळत होतं.

आता या शहरात मी कशी आले ते सांगते. आमचं गाव साकोलीकडचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी सांगायची संधी कधी सोडत नाही, आताही सोडली नाही. नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती, रायपुरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं, आणि मोठ्या बाबांनी वडिलांना निरोप धाडला की पोरीला इकडे पाठवा, बी.ए. करू दे. ठरलं असं की वसतिगृहात जागा मिळेपर्यंत दहा दिवस मी त्यांच्याकडे राहायचं. पहिल्या रविवारी स्वयंपाकघराच्या दारावर नकाशा लागला, आणि त्याच्या तळाशी मी वाचलं, 'लोकसंख्या ३ + १ (तात्पुरती)'.

तात्पुरती ती मी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, दहाच दिवस तर होते. पण वसतिगृहात जागा त्या वर्षी मिळाली नाही, पुढच्या वर्षीही मिळाली नाही, आणि दर रविवारी तो कंस मात्र नव्या शाईत परत यायचा. माझ्या वाटणीला कधी एक घास कमी आला नाही. मोठी आई तर भाताचा उंडा माझ्या ताटात जरा मोठाच ठेवायची आणि पिंकीला म्हणायची, "तिले भूगोल वाचाचा आहे, पृथ्वी मोठी आहे." तरी मी दर रविवारी आधी तळाशी बघायची. तात्पुरत्या माणसाला घरात कसं वागावं लागतं ते तात्पुरत्या माणसालाच माहीत. दुसरी पोळी मागताना तो हात थोडा हळू पुढे करतो. माझे वडील मला पोचवायला आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, की दादाच्या घरी ओझं झालीस असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी फोन कर, मी घ्यायला येतो. गावात परत गेले असते तर कॉलेज संपलं असतं, हे मला माहीत होतं आणि वडिलांनाही.

शेवटच्या वर्षी, परीक्षेला दोन-अडीच महिने असताना मोठ्या आईचे गुडघे पार अडून बसले. तिला खाली बसता येईना, ओट्यापाशी उभं राहवेना. औषधं बदलली, ती महाग होती, आणि त्याचा परिणाम मी नकाशावर पाहिला. रस्ते बारीक झाले. गोबी तीनऐवजी चार सेक्टर चालू लागली. बसस्टॉप गुरुवारी होता, तो मंगळवारीही आला. मोठे बाबा खाटेवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ पडून राहायचे, बोट पोटावर फिरायचं, थांबायचं, मागे जायचं, पुन्हा फिरायचं. एका दुपारी त्यांनी डोळे उघडून छताकडे पाहत म्हटलं, "शनिवार लागून नाई राहिला." मोठी आई म्हणाली, "शुक्रवारीच थांबा मंग. शनिवारी उपाशी राहाले काय होते." त्यांनी मान हलवली. पोरीचा पेपर जवळ आला, ते म्हणाले. मी दारामागून हे ऐकलं आणि मला वडिलांनी बजावलेलं आठवलं.

त्याच्या पुढच्याच रविवारी मी सकाळपासून कॉलेजच्या वाचनालयात होते. चार वाजता घरी आले तर घर रिकामं. पिंकी ट्यूशनला, मोठी आई शेजारणीचा हात धरून विहारात गेलेली, खाट मोकळी. स्वयंपाकघराच्या दारावर नकाशा लागला होता. मी नेहमीसारखं आधी तळाशी पाहिलं. 'लोकसंख्या ३.' पुढे अधिकचं चिन्ह नाही, कंस नाही, काही नाही. ती रेघ इतकी स्वच्छ, इतकी शांत होती की मला राग सुद्धा आला नाही. मला वाटलं, मोठ्या बाबांच्या तोंडून हे निघालं नसतं, म्हणून त्यांनी लिहिलं. ट्रेसर माणूस, बोलण्यापेक्षा रेघ त्याला सोपी. मी चप्पल तशीच पायात घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि दुकानदाराला म्हटलं, माझ्या बाबाला सांगा, उद्या मला घ्यायला या. मग परत येऊन बॅग भरायला घेतली. तीन वर्षांत बॅगेत फारसं काही वाढलं नव्हतं, पुस्तकंच काय ती वाढली होती.

मोठी आई आली तेव्हा मी भूगोलाची वही घालू की नको या विचारात होते. ती दारात उभी राहून बॅगेकडे पाहत राहिली.

"हे काय करून राहिली?"

"गावाले चालली. बाबा उद्या येतात घ्यायले."

"काहून?"

मी नकाशाकडे बोट दाखवलं. तीन लिहिलं आहे, म्हटलं. मोठी आई भिंतीला धरून धरून तिथंपर्यंत गेली. तिला जेमतेम वाचता येत होतं, पण नकाशे वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं उजव्या कोपऱ्यात, खाली, बोट टेकवलं.

"हे वाचलं काय?"

मी वाकून वाचलं. मिठाच्या ठिपक्याच्या खाली एक नवीन खूण होती, अर्धा भरलेला गोल, आणि त्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरात, 'एक ताट साइटवर (परीक्षा संपेपर्यंत).'

"दुपारीच गेले ते, कचेरीच्या गाडीनं," मोठी आई म्हणाली. "नव्या राजधानीत जमिनीचं माप चालू आहे. तिकडं तंबूत सरकारी जेवण आहे. साहेबाच्या मागं लागून लागून नाव घालून घेतलं. मी म्हटलं, या वयात मापाच्या काठ्या धरून उन्हात कुठी जाता, तर म्हणे, सगळे रस्ते कागदावर काढले, एकदा पायानं पाहू दे. मले कळत नाई काय, शनिवार कसा लागला ते." मग ती खाटेच्या कडेला टेकली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी, पिंकी अन् तू. तीन झाले ना? तुले मोजता येते ना, कॉलेजात शिकवते ना? मले वाटलं त्याईनं सांगतलं असन. त्याईनं कशाले सांगावं, सूचीत लिहिलं ना."

भूगोल हा माझा मुख्य विषय होता. नकाशावाचनाच्या प्रात्यक्षिकात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. मी बॅग उपसली, पण फोन काही उपसता येईना. दुकान बंद झालं होतं, कोणी उचललं नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला वडील आले. डोक्यावर नव्या तांदळाचं पोतं, हातात लाखोळीच्या डाळीची पिशवी, अंगातला सदरा धुतलेला. ते काही न विचारता ओसरीत बसले आणि माझी बॅग कुठं दिसते का ते बघू लागले. मोठ्या आईनं त्यांना पाणी दिलं आणि ती नकाशापुढे जाऊन उभी राहिली. सोमवारी वरण होतं, ते तिघींच्या मापाचं. तिनं क्षणभर विचार केला, आणि तोवर जे कधी केलं नव्हतं ते केलं. बुधवारचा तलाव सोमवारी आणला. ताक घुसळलं, बेसन लावलं, दोन तांबे पाणी जास्त घातलं, आणि मला म्हणाली, "ते साइटवरून आले की मीच सांगीन. तू मधात नको पडू."

जेवताना वडील हळू जेवत होते. कढीची वाटी तोंडाला लावून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"वहिनी, हा दादाचा नकाशा काय?"

"हव. त्याच्यावरच हे घर चालते, भाऊजी. हात नको लावा, शाई ओली नसन पण ते घरी नसले तरी त्याईले कळते."

वडील उठले, हात धुतले, आणि नकाशाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. त्यांची शाळा चौथीतच सुटली होती. बराच वेळ ते वरून खाली, डावीकडून उजवीकडे पाहत राहिले. मग मला विचारलं, "यात आपली पोरगी कुठी आहे?"

मी तळाशी तीनवर बोट ठेवलं. "याच्यात."

"वेगळी नाई दाखवली?"

"नाई. आता वेगळी नाई. मी सूचीच वाचली नव्हती."

त्यांनी मान हलवली, एकदा, आणि आणखी एकदा. मग म्हणाले, "मंग तीन वाजताची बस आहे माही." पोतं त्यांनी परत नेलं नाही. जाताना फक्त म्हणाले की दुकानदाराला फोन लावायच्या आधी सगळं नीट वाचत जा.

शनिवारी संध्याकाळी मोठे बाबा आले ते धुळीनं पार मातकट झालेले, नाक सोललेलं, आणि फार आनंदात. पायांतले जोडे काढायच्या आधी त्यांनी सांगितलं की त्यांनी एक रस्ता पाहिला. म्हणजे रस्ता अजून नव्हता, धानाची कापलेली शेतं होती आणि त्यांत दोन ओळींत लाल फडक्यांचे खुंट ठोकलेले होते. पण ते त्या खुंटांच्या मधून चालत गेले, संध्याकाळी, एकटे, पार शेवटपर्यंत. "वळण आलं," ते म्हणाले, "अन् मले आधीच माहीत होतं वळण येणार ते. मीच काढलं होतं. तिथं एक बगळा उभा होता. तो नकाशात नव्हता." आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "पण जेवण. काय सांगू. सकाळी आलू, संध्याकाळी आलू. राजधानी बसवून राहिले अन् सोमवारी काय खाणार ते सोमवारी ठरवतात." सरकारी खर्चानं फुकट मिळालेलं जेवण नियोजनाशिवाय मिळालं, याचं त्यांना झालेलं दुःख खरं होतं. जेवून ते किंचित जाडही झाले होते.

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. बुधवारचा तलाव मोठ्या आईनं पिंकीच्या पेन्सिलीनं खोडला होता आणि सोमवारच्या चौकोनात पाणी काढलं होतं. ते मोठ्या आईकडे वळले. तिनं फोनपासून बसपर्यंत सगळं सांगितलं, माझ्या बॅगेसकट. मी खाली मान घालून बसले होते.  मोठ्या बाबांनी कानामागून पेन्सिल काढली, नकाशापुढे उभे राहिले, आणि बुधवारकडून सोमवारकडे तलावाचा एक बाण काढला. "तलाव पाहुण्याकडं सरकते," ते म्हणाले, स्वतःशीच म्हटल्यासारखं. मग माझ्याकडे न पाहता, "सूची काहून नाई वाचली?"

परीक्षा संपेपर्यंत ते दर आठवड्याला जात राहिले. ती संपली त्या रविवारी दारावर लिहिलं होतं, 'लोकसंख्या ४'. मी बी.ए. झाले. निकालाच्या दिवशी खीर होती, आणि ती त्या आठवड्याच्या नकाशात आधीच दाखवलेली होती. मी नापास झाले असते तर काय, असं मी विचारलं. खीर तर केलीच असती, मोठी आई म्हणाली, दूध कोणाच्या निकालासाठी थांबत नाही.

आता मी त्याच नव्या शहरात नोकरी करते, तिथंच राहते. रस्ते रुंद आहेत, गाड्या सुसाट जातात, बस मात्र तासातासानं एखादी. स्टॉपवर उभी असले की मला पिठलं आठवतं. मोठी आई गेली त्याला दोन वर्षं झाली. पिंकी लग्न होऊन दूर गेली, तिकडून फोनवर माझ्याशी आता मराठी बोलायचा प्रयत्न करते. मोठे बाबा भनपुरीच्या त्याच घरात एकटे आहेत, बहुतेक रविवारी मी जाऊन येते. माझ्याकडे चला म्हटलं की येतात, चार दिवस राहतात, संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून दूरवर बघतात. "मी काढले तेव्हा दोन्ही बाजूला झाडं होती, गोल गोल," म्हणतात, आणि पाचव्या दिवशी परत जातात. ट्रेसिंग कागद आता मिळत नाही. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर नकाशा निघतो, रेघ थोडी थरथरते.

मागच्या रविवारी गेले तर ते खाटेवर डोळे मिटून पडलेले. मी दारावरच्या नकाशाकडे गेले आणि जुन्या सवयीनं आधी तळाशी पाहिलं. 'लोकसंख्या १ (तात्पुरती)'. तात्पुरती.  त्यांच्या पेटीत शाई खरवडायचं जुनं ब्लेड असायचं, एखादी रेघ चुकली की ते त्यानं अलगद खरवडून काढायचे. मी म्हटलं, मोठे बाबा, ब्लेड कुठी आहे?

डोळे मिटलेलेच. "राहू दे. कागद पातळ आहे, फाटन. अन् बरोबरच आहे ते." मग थोडं थांबून, "आधी सूची वाचावं."

मी वाकले. चष्मा लावूनही अक्षरं दिसायला वेळ लागला. मिठाचा ठिपका होता, सर्वत्र. त्याच्याखाली एक पूर्ण भरलेला गोल, रविवारच्या चौकोनातला, आणि त्यापुढे लिहिलं होतं, '+ १ (कायम)'.

रविवारच्या चौकोनात तलाव होता. मी ताक घुसळलं, कढी गॅसवर ठेवली. फोडणी देऊन बाहेर येऊन पाहिलं तर त्यांचं बोट पोटावर फिरत होतं, फार हळू.

"कुठपर्यंत आले, मोठे बाबा?"

"मंगळवार," ते म्हणाले.

मी आत जाऊन गॅस बारीक केला. तलावाला उकळी यायला अजून वेळ होता, आणि मंगळवारहून पुढे शनिवारपर्यंत जायला त्यांना आता पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो.